दुसऱ्यातून तिसऱ्यात

१२ सप्टेंबर

आज गाडीने माझी लाज काढली. आग्रियाच्या समुद्रकाठच्या चर्चला एक नवरी पोचवायची होती. सपाट रस्ता, रहदारी नाही, घाई नाही. व्होलोसचं बंदर मागे पडलं आणि दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडीने असा हिसका दिला, की मागे बसून ओठ रंगवणाऱ्या नवरीची लाल रेघ थेट गालावर गेली. तिची आई म्हणाली, "अहो लांब्रो, आम्ही मोटार सांगितली होती हो. गाढव चाललं असतं तर घरचंच होतं." नवरी हसली. मला हसू आलं नाही.

अथेन्सजवळ पिरेअसला जहाजमालकांकडे ड्रायव्हर होतो, तेव्हा बाईसाहेब मागच्या सीटवर कॉफी प्यायच्या. भरलेला कप, आणि बशीत थेंब नाही. मी काम सोडलं तेव्हा त्यांनी हीच गाडी मला दिली. लांब, गडद निळी, जर्मन, आपलं आपण गिअर टाकणारी. तिच्यावर मी आता व्होलोसच्या आणि वरच्या डोंगरातल्या गावांच्या नवऱ्या पोचवतो. गिअर कधी पडला ते मागच्या माणसाला कळलं तर पुढे बसलेला ड्रायव्हर नव्हे, हमाल, असं मी आयुष्यभर मानत आलो.

तिथूनच तडक नेआ इओनियाला स्तामातिसच्या गॅरेजात गेलो. आम्ही एका बाकावर शिकलो, एकत्रच शाळेतून हाकलले गेलो. तो गाडी घेऊन फेरी मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "लोणी आहे लोणी."

"तुझ्यासमोर ती शहाण्या सुनेसारखी वागते. माझ्याबरोबर असली की अंगात येतं तिच्या."

मग त्याने बॉनेट उघडलं. ॲक्सिलरेटरपासून एक तार निघते ती खाली गिअरबॉक्सात जाते. पाय किती दाबलाय हे ती तार गिअरबॉक्सला सांगते. तार ताणली की गिअर उशिरा आणि दणक्यात पडतो, ढिली केली की लवकर आणि अलगद. तार ताणायला-सोडायला एक दातेरी बोंडी आहे. स्तामातिसने ती किंचित सैल केली आणि म्हणाला, "जा. हळुवार पाय ठेव."

मला पाय ठेवायला शिकवतोय.

१५ सप्टेंबर

बरी चालली. म्हणजे बरी वाटली.

झेनीच्या लग्नासाठी नवे बूट घेतले. काळे, जाड तळाचे. दुकानदार विचारत होता, कुठे चावतात का. म्हटलं, अरे, घातलेत हेसुद्धा जाणवत नाही. इतके छान बूट पूर्वी कधी मिळाले नव्हते.

झेनी म्हणजे आमची मुलगी, पोलिक्सेनी. बंदरावर बेटांच्या बोटींची तिकिटं देते. चाळिशीला आली आणि आता कुठे लग्न करतेय. नवरा मुलगा मधमाश्या पाळतो, नाव अखिलेअस, आवाज भोंग्यासारखा. माणूस वाईट नाही. पेट्या वाहून वाहून त्याच्या गाडीची जी दशा केलीय ती बघवत नाही, एवढंच. लग्न ऑक्टोबरच्या शेवटी, वर द्राकियाला, त्याच्या गावच्या चर्चमध्ये.

१९ सप्टेंबर

परत तेच. या वेळी पहिल्यातून दुसऱ्यातसुद्धा. इंजिन बोंबलतं, बोंबलतं, मग धाडकन गिअर पडतो. पुन्हा स्तामातिसकडे. त्याने तार बघितली, गिअरबॉक्सच्या कुशीतली, गिअरचा दणका कमी-जास्त करणारी व्हॅक्यूमची डबी बघितली, रबरी नळ्या कानाशी धरून फुंकून बघितल्या. मग फेरी मारली. काही नाही.

"हे फक्त तुलाच होतं, लांब्रो."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी तसं म्हटलं का? म्हटलं, तुलाच होतं."

त्याने डबीचा स्क्रू थोडा फिरवला. मला वाटतं, माझं मन राखायला.

घरी आलो तर बायको, एवांथिया, दारात उभी, कमरेवर हात. "दुसरी सपाता कुठे आहे?" सकाळी पावाच्या दुकानात सपाता घालून गेलो होतो. एकच घालून परत आलो म्हणे. डावी होती, उजवी कोपऱ्यावर कचरापेटीजवळ सापडली. सबंध गल्ली हसली. मीही हसलो. डोक्यात गिअर असले की पायात काय आहे याकडे कोण बघतंय!

२३ सप्टेंबर

रविवारी झेनी जेवायला आली होती. कोंबडी आणि शेवया. जेवताना लग्नाचं निघालं.

मी म्हटलं, "चालवणार मीच. दुसरा कोणी त्या चाकाला हात लावणार नाही. इतकी वर्षं लोकांच्या मुली पोचवल्या, आता माझी."

झेनी ताटात बघत म्हणाली, "आणि माझ्या शेजारी?"

"आई बसेल की."

"हो," ती म्हणाली. "आई बसेल." मग तिने आईला कोशिंबीर वाढली. ती आधीच वाढलेली होती.

मला वाटतं तिलाही गाडीची काळजी लागलीय. नवरीच्या वेषात हिसके बसले तर कोणाला आवडेल? एवांथियाने तिला गालावरच्या लाल रेघेची गोष्ट सांगितली असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

२८ सप्टेंबर

आता नवीनच. डोंगराच्या वळणांवर आपण हळू जावं, तर गाडी मधेच दोन गिअर खाली उतरते आणि डरकाळी फोडून पुढे झेपावते. ॲक्सिलरेटरच्या पार तळाशी एक बटण आहे. घाईने पुढे काढायचं असेल तेव्हा पेडल तळापर्यंत रेटायचं, बटण दबलं की गाडी खालच्या गिअरवर उडी घेते. पण मी तळापर्यंत दाबतच नाही! नवरी घेऊन कोण तसं दाबेल? म्हणजे बटणच खराब.

स्तामातिसला न सांगता बटणाची वायर मीच काढली आणि तारेची बोंडीही आणखी सोडली. आता उडी नाही, पण गाडी चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकते.

संध्याकाळी एवांथिया ओरडली. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत लादीवर लाल ठिपके. माझ्या टाचेत टाचणी होती, झेनीने पत्रिकेचे नमुने भिंतीवर लावले होते त्यातली. पार डोक्यापर्यंत रुतलेली. एवांथियाने चिमट्याने काढली. "तुला दुखलं नाही?"

"गॅरेजात वाढलेली कातडी आहे. दुखायला वेळ कुठे आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मंगळवारी डॉक्टरकडे. साखर तपासून वर्ष झालं. हो म्हटलं.

२ ऑक्टोबर

मंगळवारी डॉक्टरकडे गेलो नाही. दिवसभर गाडीखालीच होतो. डबीचा स्क्रू पाव फेरी आत, मग पाव फेरी बाहेर. कागदावर नीट लिहून ठेवायचं, एवढं ठरवलं तरी शेवटी गोंधळ झालाच. आता ती मुळात कशी होती तेच मला आठवत नाही.

एवांथियाने विचारलं तर म्हटलं, डॉक्टर सुट्टीवर होता.

अंघोळीचीही कटकट. थंडी पडायला लागली म्हणून टबात पाय सोडून बसलो होतो, तर आत येऊन तिने पाण्यात बोट घातलं आणि किंचाळली. म्हणे, उकळतंय. तिला सगळंच उकळतं.

५ ऑक्टोबर

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पोर्तारियाला एक जोडपं सोडून परत निघालो होतो. गाडीत मी एकटाच, बॉनेटवर फुलं, आरशाला रिबीन. चौकात एक मालट्रक मागे-पुढे करत होता म्हणून थांबलो. चिनाराच्या झाडाखाली कॅफेची टेबलं, दोन म्हातारे तावलीच्या पटावर सोंगट्या मांडून फासे टाकत बसलेले. मी ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो. हे मी शपथेवर सांगतो. ब्रेकवर.

ट्रक निघाला, आणि माझी गाडी हळूच पुढे सरकायला लागली. मी ब्रेक दाबला. ती जोरात सरकली. मी आणखी दाबला. जितका दाबावा तितकी ती ओरडते आणि पुढे जाते! समोर टेबलं, टेबलांमागे तोंडं. वेटरने एका म्हाताऱ्याला काखेत हात घालून वर उचललं. त्याची खुर्ची गाडीखाली गेली, तिचा आवाज माझ्या कानात अजून आहे, वाळकी फांदी मोडावी तसा. मग झाडाभोवतीचा दगडी कट्टा लागला आणि गाडी थांबली. इंजिन तरीही ओरडतच होतं. चावी कोणी बंद केली मला माहीत नाही. बहुधा वेटरने.

कोणाला लागलं नाही. कोणालाही नाही. जो म्हातारा वाचला तो खाली वाकून फासे शोधत होता आणि दुसऱ्याला म्हणत होता, "मला दोन्ही सहा पडले होते. तू पाहिलंस." मग एकदम तो कट्ट्यावर बसला आणि रडायला लागला.

"ब्रेक लागला नाही," मी सगळ्यांना सांगत होतो. "मी ब्रेकवर होतो." एक बाई दुसरीला म्हणाली, वय झालं की कळत नाही त्यांना. मी तिच्याकडे वळून पुन्हा सांगितलं. ब्रेकवर होतो.

६ ऑक्टोबर

स्तामातिसने ब्रेक तपासले. चाकं उचलून, चकत्या काढून, नळ्या बघून. ब्रेक नव्यासारखे.

"मग गिअरबॉक्सने ओढली," मी म्हटलं. "ब्रेकला न जुमानता."

"असं होत नसतं, लांब्रो. हा ब्रेक इंजिनाला गुडघ्यावर आणेल."

"तूच काहीतरी फिरवून ठेवलंस. गाडी ठीक होती तुझा हात लागेपर्यंत! काल माणूस मेला असता तर तो तुझ्या हाताने मेला असता."

गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. स्तामातिसने पाना कापडावर ठेवला, कापडाची घडी केली. मग म्हणाला, "गाडी इथे ठेवून जा."

ठेवली नाही. घरी घेऊन आलो, पहिल्या गिअरात, गाढवाच्या चालीने. मागून सगळे भोंगे वाजवत होते.

९ ऑक्टोबर

चालवली नाही. एवांथिया बोलत नाही. कोणाशी तरी फोनवर बोलत होती, मी आत आल्यावर ठेवून दिला.

१० ऑक्टोबर

झेनी कामावरून थेट आली. म्हणाली, "बाबा, लग्नाला भाड्याची गाडी घेऊ या. अखिलेअसचा मित्र देतोय."

"म्हणजे माझ्या गाडीची तुला लाज वाटते."

"मला भीती वाटते."

"गाडीची?"

ती उभी राहिली, पर्स खांद्याला लावली, परत बसली. "हो," म्हणाली. "गाडीची." असं बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

१२ ऑक्टोबर

लारिसाच्या रस्त्यावर एक नवं गॅरेज आहे, काचेचं. गेलो. तिथल्या तरुणाने आधी संगणकाची वायर कुठे लावायची ते शोधलं, मग हसला. "आजोबा, हिच्यात काही लावायची सोयच नाही." तरी माणूस मेहनती. व्हॅक्यूमची डबी नवी बसवली, तार पुस्तकात बघून लावली, दोनदा फेरी मारून आला. त्याने चालवताना मी शेजारी बसलो होतो. गिअर पडले ते मला फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळले. पोटातलं पाणी हललं नाही. मला इतका आनंद झाला की त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग चाकाशी मी बसलो. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडतानाच हिसका.

तो रस्त्यात उभा राहून बघत होता. त्याने हात वर केला, म्हणजे निरोपाचा की थांबा म्हणून, ते मला कळलं नाही. मी थांबलो नाही.

आता इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही. मला वाटायला लागलंय की या गाडीला मी नको झालोय. वेड्यासारखं आहे, माहीत आहे. पण तीन माणसं चालवतात, दोघांशी ती गोड वागते. तिसरा मी.

१५ ऑक्टोबर

आज स्तामातिस घरी आला. दुपारी, काम टाकून. मी दार उघडलं. तो म्हणाला, "फेरी मारून आण मला."

"तू चालव."

"मी चालवली आहे. तू चालव."

तो शेजारी बसला. किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. मला वाटलं तो काट्यांकडे बघेल, कान देऊन ऐकेल. त्याने बघितलंच नाही. मान खाली घालून माझ्या पायांकडे बघत बसला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"पाय हलका ठेव," तो म्हणाला.

"हलकाच आहे."

"किती दाबलंयस? पाव?"

"पावसुद्धा नाही."

धाडकन तिसरा पडला. पुढे गेल्यावर तो म्हणाला, "त्या बाकाजवळ घे. उभी कर. चावी काढ आणि माझ्याकडे दे." चावी खिशात टाकून तो उतरला, माझ्या बाजूला आला, दार उघडलं आणि म्हणाला, "बूट काढ. उजवा. मोजासुद्धा."

"लोक बघतायत."

"बघू देत. व्होलोसच्या लोकांना दुसरं काम काय आहे?"

मी बूट काढला. तो माझ्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला, त्याच्या गुडघ्यांनी आवाज केला. "आता डोळे मीट. मी हात लावेन. कुठे लावला ते सांग."

मी डोळे मिटले. लाटांचा आवाज येत होता, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी थांबलो. आणखी थांबलो.

"लाव ना," मी म्हटलं. "थट्टा पुरे झाली."

"लांब्रो," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मघापासून धरलाय मी तुझा पाय."

मी डोळे उघडले. त्याने दोन्ही हातांनी माझा तळवा धरला होता. अंगठ्याची नखं रुतून पांढरी झाली होती, इतका जोरात. तो पाय माझाच आहे हे मला डोळ्यांनी बघून कळत होतं.

"एवांथियाने मला टाचणीचं सांगितलं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी गाडी ठेवून जा म्हटलं, तेव्हाच खरं म्हणायचं होतं की तू चालवू नकोस. दोन गिऱ्हाइकांसमोर कसं म्हणणार होतो?"

मी विचारलं, मग तार? डबी? बटण?

"तार खरं तेच सांगत होती रे. तू जेवढं दाबत होतास, तेवढंच."

मी त्या चौकाचा विचार केला. आरडाओरडा, टेबलं, आणि माझा पाय. मी कशावर होतो? पुढे लिहवत नाही.

१६ ऑक्टोबर

डॉक्टर. त्याने नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवला, कंप पावणारा धातूचा काटा घोट्याला लावला. मला काही म्हणजे काही नाही. साखरेने नसा मारल्या, म्हणाला, हळूहळू, बरीच वर्षं. टाच पिकली नाही हे नशीब. एवांथिया त्याला गरम पाण्याचं सांगत होती; माझ्या पायांवरचे सोललेले डाग मी बुटांचे समजलो होतो. त्या दिवशी तिचं बोट भाजलं होतं, दोन दिवस फोड होता. मला दाखवला नव्हता. आणि मी इथे लिहून ठेवलं की तिला सगळंच उकळतं.

गाडी चालवायची नाही. आज नाही, नंतरही नाही.

बाहेर आल्यावर एवांथिया म्हणाली, "मला वाटलं होतं तू सांगशील." कसं सांगू? मला ठाऊक नव्हतं. हे तिला खरं वाटेल का, कोण जाणे.

१८ ऑक्टोबर

दिवसभर गाडीत बसून होतो. उभ्या गाडीत, अंगणात. दोन पेडलं. उजव्या पायाने आलटून पालटून दाबत होतो, डोळे मिटून, कुठलं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करत. कधी ओळखलं, कधी नाही. ओळखलं तेव्हाही ते गुडघा किती वाकला त्यावरून.

झेनी आली, शेजारी बसली. मी पाय काढून घेतले.

"मी सगळ्यांना सांगितलं की ब्रेकवर होतो," मी म्हटलं. "मला खरंच तसं वाटत होतं, झेनी."

"माहीत आहे."

"त्या म्हाताऱ्याची खुर्ची..."

"बाबा, माहीत आहे."

मी म्हटलं, अखिलेअसच्या मित्राकडून भाड्याची गाडी सांग.

"नको. हीच पाहिजे."

"मग चालवणार कोण?"

"ते तू आणि तो स्तामातिस बघा. मागे माझ्याबरोबर तू बसायचंस." तिचा आवाज चढला होता. "लहानपणापासून मी तुझी मान बघतेय बाबा. बाईसाहेबांची गाडी असायची तेव्हाही, सुट्टीत आम्हाला फिरवायचास तेव्हाही. मागच्या सीटवरून फक्त मान. एकदा तरी शेजारी बस की!"

तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातून कापड काढून नाक पुसलं. ते तेलाचं कापड होतं. नाकाला काळं लागलं, आणि दोघेही हसलो, आणि मग हसणं थांबलं.

२० ऑक्टोबर

बसने पोर्तारियाला गेलो. तो म्हातारा त्याच टेबलाशी होता. मी त्याला सांगितलं, ब्रेक ठीक होता, पाय ठीक नव्हता. तो माझ्या पायांकडे बघत राहिला. म्हणाला, "बस." बसलो. त्याने तावली उघडली. डाव संपवून उठताना म्हणाला, "पुढच्या वेळी सांगून येत जा. त्या दिवशी जिंकत होतो मी."

२१ ऑक्टोबर

स्तामातिसची माफी मागायला गेलो. तयारी करून गेलो होतो, वाक्यं ठरवली होती. माझी गाडी त्याने सकाळीच अंगणातून नेली होती, तो तिच्याखाली होता. त्याच्या बुटांशी बोलायला लागलो.

"मी त्या दिवशी जे बोललो..."

"पाना दे. तेरा नंबरचा."

दिला. मग पुन्हा सुरुवात केली तर म्हणाला, "चौदाचा." मग बाहेर सरकला, चेहरा काळा. "चालवेन मी. पण मागून एक शब्द बोलायचा नाही. बोललास तर वळणावर उतरवून देईन, मुलीसमोर."

मी काढलेली वायर त्याने जोडली. तारेची बोंडी घासून पुसून मूळ जागी आणली. गाडी त्याच्याकडेच ठेवून चालत आलो. जमिनीकडे बघत चालावं लागतं आता. इतके दिवस न बघता कसा चाललो, आश्चर्य आहे.

२६ ऑक्टोबर

काल झेनीचं लग्न झालं.

स्तामातिसने माझी जुनी ड्रायव्हरची टोपी घातली होती, ती त्याला मोठी होत होती. एवांथिया पुढे बसली, मांडीवर पाहुण्यांना वाटायच्या साखरी बदामांच्या पिशव्या. मी मागे, नव्या बुटांत, झेनीच्या शेजारी. तिचे कपडे इतके फुललेले होते की मी दाराला चिकटलो होतो.

गाडी निघाली. मी आवाज ऐकत होतो. पहिला. दुसरा. बंदर गेलं, तिसरा पडायची वेळ आली, मी सीटला धरलं. आणि तो पडलाच नाही. म्हणजे पडला असणार, कारण आवाज खाली उतरला होता. मला कळलं नाही. आग्रिया मागे टाकून चढाला लागलो, वळणं सुरू झाली, प्रत्येक वळणावर ती एक गिअर उतरायची आणि पुन्हा चढायची, झोपलेल्या बाळाला या हातावरून त्या हातावर घ्यावं तशी. इतकी वर्षं मी ज्यांना नेलं, त्यांना असं वाटत होतं तर. मला कधी ठाऊकच नव्हतं. मी नेहमी पुढे होतो.

"स्तामातिस, चौथ्यात..." मी म्हटलं.

"उतरवू?" तो आरशातून म्हणाला.

झेनी हसली. मग तिने हळूच विचारलं, "काय बघतोयस?" मी म्हटलं, तुझ्या हनुवटीवर तीळ आहे. म्हणाली, जन्मापासून आहे. मी म्हटलं, हो, पण मी आरशात बघायचो, मला तो दुसऱ्या बाजूला वाटायचा. ती बोलली नाही. तिने माझा हात घेतला आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही. हाताला अजून सगळं कळतं.

चर्चपर्यंत गाडी जात नाही. खालून दगडी पायऱ्यांची वाट आहे, चढाची, ओबडधोबड, ऑक्टोबरच्या ओलीने निसरडी. वर अखिलेअस फुलांचा गुच्छ घेऊन उभा, त्याच्या मागे सगळं गाव, क्लॅरिनेटवाला वाजवत होता. झेनीने माझ्या कोपरात हात घातला. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो टेकला की नाही ते मला कळलं नाही. मी खाली बघितलं. दुसरी पायरी, पुन्हा खाली. सगळं गाव बघत होतं की नवरीचा बाप मान खाली घालून येतोय. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. वाटलं, हिला मीच पाडणार.

झेनी थांबली. तिने एका हाताने झगा वर घेतला, तोंड माझ्या कानाशी आणलं.

"बाबा, दगडांकडे मी बघते. तू वर बघ."

मी मान वर केली. तिने एकेक पायरी सांगायला सुरुवात केली, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल अशी. आता उंच. आता सपाट. आता डावीकडे थोडं. आम्ही वर गेलो.